नोस्फेरातू भर दुपारी का फिरतो?

महाराष्ट्रातल्या फिल्म सोसायट्यांचे कार्यकर्ते, रसास्वाद शिबिरं घेणारे शिक्षक आणि छोट्या-मोठ्या महोत्सवांचे आयोजक यांना खुलं पत्र

सप्रेम नमस्कार.

मी तुमच्यातलाच. बावीस वर्षं वर्गणी भरतोय, खुर्च्या मांडल्यात, प्रोजेक्टरच्या वायरीत पाय अडकून पडलोय, आणि 'पुढच्या महिन्यापासून नक्की वेळेवर सुरू करू' हे माइकवरून स्वतः सांगितलंय. तेव्हा ही कुरकुर घरातलीच समजा.

गेल्या पावसाळ्यात एका तालुक्याच्या गावी, कॉलेजच्या सभागृहात 'नोस्फेरातू' हा १९२२ चा जर्मन मूकपट पाहिला, पिशाचाचा. गावाचं आणि संस्थेचं नाव घेत नाही, कारण हेच मी आणखी चार ठिकाणी पाहिलंय आणि एकदा माझ्याच हातून घडलंय. लॅपटॉपवर कुठूनतरी उतरवून घेतलेली फाइल होती. काळीपांढरी, अंगभर मुंग्या. मागे कुणीतरी जोडून दिलेला ऑर्गन, एकच तुकडा फिरून फिरून. पडद्यावर माणसं तुरुतुरु चालत होती. मग तो प्रसंग आला. ऑरलॉक, म्हणजे त्यातलं पिशाच, गावात उतरलाय आणि स्वतःची शवपेटी काखोटीला मारून निर्जन रस्त्यांवरून घर शोधत निघालाय. भिंतींवर लख्ख ऊन. मागच्या रांगेतून कुणी म्हणालं, 'एसटी चुकली वाटतं याची.' सगळं सभागृह हसलं. मीही हसलो, खोटं कशाला बोलू.

चित्रपट संपल्यावर चर्चा. एका मुलीने हात वर केला. तिचा प्रश्न त्या संध्याकाळचा सगळ्यात चांगला होता. 'सर, शेवटी हा उन्हाने मरतो ना? मग मधे भर दुपारी पेटी घेऊन कसा फिरला?'

उत्तर मिळालं, 'अगं, शंभर वर्षांपूर्वीचा चित्रपट आहे. तेव्हा एवढा विचार कोण करत होतं?'

हे पत्र त्या उत्तराबद्दल आहे.

विचार केला होता, आणि भरपूर केला होता. ती दुपार नव्हतीच, रात्र होती. १९२१ मध्ये चित्रण चाललं होतं तेव्हा दिग्दर्शक मुर्नाऊ आणि त्याचा छायाचित्रकार फ्रिट्झ आर्नो वाग्नर यांच्याकडे अख्खा रस्ता रात्री टिपता येईल अशी फिल्मही नव्हती आणि तेवढे दिवेही नव्हते. मग रात्र दिवसाच चित्रित करायची आणि पडद्यावर जाणाऱ्या प्रतीतला तेवढा तुकडा निळ्या रंगात बुडवायचा, ही त्या काळची सर्रास रीत. प्रेक्षकाला ती बोली पाठ होती. निळं म्हणजे रात्र, पिवळसर म्हणजे खोलीतला उजेड, गुलाबी म्हणजे उजाडतंय. ऑरलॉक शेवटी पहाटे मरतो तेव्हा निळ्याचं गुलाबी होतं आणि प्रेक्षकाच्या छातीत धस्स होतं, किंवा निदान तसं व्हावं अशी योजना होती.

आता गोम अशी की हा रंग निगेटिव्हमध्ये नसतो. निगेटिव्ह काळंपांढरं. त्यावरून छापलेली प्रत प्रसंगाप्रसंगाने कापायची, एकेक तुकडा आपापल्या रंगाच्या टाकीत बुडवायचा, वाळवायचा आणि मग जोड मारून रीळ पुरं करायचं. रंग फक्त त्या प्रतीच्या अंगावर. पुढे कुणी त्या प्रतीवरून स्वस्तात काळीपांढरी नक्कल काढली, तिच्यावरून दुसरी, दुसरीवरून सोळा मिलिमीटरची, तिच्यावरून व्हिडिओ, की रात्र धुऊन निघते आणि खाली चित्रणाच्या दिवशीचं खरंखुरं ऊन उघडं पडतं. त्या मुलीला जे दिसलं ते, जिथे चित्रण झालं त्या जर्मनीतल्या विस्मार गावातलं १९२१ सालचं ऊन होतं. मुर्नाऊने ते झाकलं होतं, आपण उघडं केलं.

यातली आणखी एक गंमत सांगितल्याशिवाय राहवत नाही. उन्हाने पिशाच मरतं हा नियमच मुळी या चित्रपटाने घातला. ब्रॅम स्टोकरच्या १८९७ च्या कादंबरीतला ड्रॅक्युला दिवसाढवळ्या लंडनमध्ये फिरतो, फक्त त्याची ताकद तेवढी चालत नाही. पुढच्या शंभर वर्षांतल्या यच्चयावत पिशाचांनी पडदे ओढून झोपायला सुरुवात केली ती नोस्फेरातूमुळे. ज्या चित्रपटाने नियम केला त्याच्याच माथी तो मोडल्याचा आळ येतो, आणि तो आळ आपण, रसास्वाद शिकवणारी मंडळी, माइकवरून घालतो.

तुरुतुरु चालण्याचंही तसंच. मूळ प्रत १,९६७ मीटर लांब होती. पस्तीस मिलिमीटरच्या एका मीटरमध्ये साधारण साडेबावन्न चौकटी बसतात. सेकंदाला अठराच्या वेगाने चालवलं तर चित्रपट दीड तासाच्या थोडा पुढे जातो. बोलपट आल्यावर पक्क्या झालेल्या चोवीसच्या वेगाने चालवला तर सव्वा तासाच्या आत आटोपतो. त्या संध्याकाळी आम्ही सव्वा तासात चहाला मोकळे झालो होतो. म्हणजे तेवढ्या मिनिटांची भीती आम्ही पळवून संपवली. बरं, सगळंच पळवल्यावर जे पळायला हवं होतं तेही कळत नाही. ऑरलॉकची बग्गी त्याच्याकडे निघालेल्या हुटर या तरुणाला न्यायला जंगलात येते तो प्रसंग आठवा. तिथे मुर्नाऊने मुद्दाम चौकटी गाळून बग्गी धक्क्याधक्क्याने दौडवलीय, आणि मग काही क्षण थेट निगेटिव्हच पडद्यावर आणलंय, झाडं पांढरी आणि आकाश काळं. आजूबाजूची माणसं माणसांसारखी चालत असतील तरच ती बग्गी अघोरी वाटणार. सगळेच तरातरा चालले की बग्गीही त्यातलीच.

तुमच्याकडची फाइल कुठल्या घराण्यातली हे ओळखायला फार विद्वत्ता लागत नाही. संवाद आणि निवेदन दाखवणाऱ्या पाट्या वाचा. पाटीवर काउंट ड्रॅक्युला, हार्कर आणि ब्रेमेन अशी नावं असतील तर ती अमेरिकेत नव्याने पाट्या घातलेल्या प्रतीची वंशज. मूळ जर्मन चित्रपटात ऑरलॉक आहे, हुटर आहे आणि विस्बोर्ग नावाचं काल्पनिक गाव आहे. नावं बदलली होती कारण चित्रपट बेतला होता स्टोकरच्या 'ड्रॅक्युला'वर, आणि कादंबरीचे हक्क घेतलेलेच नव्हते.

ती कथा तुम्हाला माहीत असेल, पण आपल्या मुद्द्यापुरती पुन्हा सांगतो. ४ मार्च १९२२ ला बर्लिनच्या प्राणिसंग्रहालयाच्या संगमरवरी दालनात थाटामाटात पहिला खेळ झाला. निर्मिती कंपनी प्राना-फिल्म, तिचा हा पहिला आणि शेवटचा चित्रपट. स्टोकर यांच्या पत्नी फ्लॉरेन्स स्टोकर यांनी दावा लावला. कंपनीचं दिवाळं निघालं होतं, पैसे वसूल होण्याची आशा नव्हती, म्हणून बाईंनी चित्रपटच नष्ट करा अशी मागणी धरली आणि १९२५ मध्ये जर्मन कोर्टाने तसा हुकूम दिला. कायद्याने पाहिलं तर बाईंची बाजू शंभर टक्के खरी होती, हेही म्हणायला हवं. चित्रपट वाचला तो तोवर परदेशी गेलेल्या प्रती कुणी परत केल्या नाहीत म्हणून.

आणि इथे आपली बिरादरी येते. लंडनमध्ये १९२५ साली 'द फिल्म सोसायटी' निघाली. तिने नोस्फेरातू दाखवायचं ठरवलं, बाईंनी हरकत घेतली. १९२८ च्या डिसेंबरात सोसायटीने तो दाखवलाच. आपण ज्याला चळवळ म्हणतो तिच्या अगदी आरंभी हाच चित्रपट उभा आहे. म्हणूनच त्याच्या बाबतीतला आपला गलथानपणा मला जास्त टोचतो.

फ्रान्समध्ये गेलेल्या प्रतीचं आणखी निराळं. हुटर पूल ओलांडतो तिथल्या जर्मन पाटीत एवढंच म्हटलंय की त्याला विचित्र दृश्यांनी घेरलं. फ्रेंच भाषांतरकाराने तिथे पुलापलीकडे भुतंच त्याला भेटायला आली असं लिहून टाकलं. फ्रेंच कवी आंद्रे ब्रतों आणि त्याच्या अतिवास्तववादी मित्रांना तेच वाक्य इतकं भावलं की आज या चित्रपटातली सर्वांत प्रसिद्ध पाटी तीच. मुर्नाऊच्या जर्मन प्रतीत ती तशी नाहीच. मला स्वतःला भाषांतर मूळापेक्षा बरं वाटतं. पण मग 'मुर्नाऊची काव्यात्म पाटी' असं शिबिरात सांगताना जरा जपून. तेच शिबिरात मी सांगितलंय, दोनदा.

पॅरिसच्या सिनेमातेक फ्रान्सेजमध्ये १९२२ ची एक रंगवलेली नायट्रेट (त्या काळच्या ज्वालाग्राही फिल्मवरची) प्रत राहिली होती. तिचा आधार घेऊन मुर्नाऊ प्रतिष्ठानासाठी लुसिआनो बेरिआतुआ यांनी २००५-०६ मध्ये चित्रपट पुन्हा जुळवला. निळा परत आला, गुलाबी परत आला. हान्स एर्डमानच्या मूळ संगीताचा मोठा भाग हरवलाय. उरलेल्या स्वरलिपीवरून जेवढं उभं करता आलं तेवढं उभं केलं गेलं. म्हणजे आज मिळणारी उत्तमातली उत्तम प्रतदेखील जुळवलेली आहे. त्यात लाज काही नाही. लाज आहे ती जुळवलेलं अखंड म्हणून वाढण्यात.

कारण मूकपटांच्या बाबतीत 'वाचला' हा शब्द फार सैल आहे. 'कॅलिगारी' (१९२०) हा जर्मन भयपट आपण वर्षानुवर्षं राखाडी चिखलात पाहिला. रंगवलेल्या पडद्यांवरचे ब्रशचे फटकारे दिसायला २०१४ साल उजाडावं लागलं, तेव्हा मूळ कॅमेरा निगेटिव्हवरून काम झालं, आणि त्यातही पहिलं रीळ नव्हतं, ते दुसऱ्या प्रतींमधून घेतलं. लॉन चेनीच्या 'फँटम ऑफ द ऑपेरा'ची जी देखणी प्रत फिरते ती बहुधा १९२९-३० च्या सुमाराला पुन्हा कापून जोडलेली. १९२५ चं रूप टिकलं ते घरी दाखवायच्या सोळा मिलिमीटरच्या प्रतींत, ओरखड्यांसकट. पाउल वेगेनरने गोलेमवर, म्हणजे ज्यू दंतकथेतल्या जिवंत होणाऱ्या मातीच्या पुतळ्यावर, तीन चित्रपट काढले. १९१५ च्या पहिल्याचे तुकडे उरलेत, १९१७ चा दुसरा गेला, आपण दाखवतो तो १९२० चा तिसरा. खुद्द मुर्नाऊने जेकिल आणि हाइडची कथा नावं बदलून 'डेर यानुसकोफ' म्हणून १९२० मध्ये केली होती. हक्क न घेण्याची सवय इथेही दिसतेच. कोनराड फाइट नायक आणि नोकराच्या भूमिकेत बेला लुगोसी, जो पुढे ड्रॅक्युला म्हणून जगाला ठाऊक झाला. प्रत कुठेही नाही.

अमेरिकेचा आकडा लायब्ररी ऑफ काँग्रेससाठी डेव्हिड पिअर्स यांनी २०१३ मध्ये मांडला: १९१२ ते १९२९ मध्ये १०,९१९ मूक कथापट निघाले आणि मूळ पस्तीस मिलिमीटरच्या रूपात पूर्ण राहिले त्यातले फक्त १४ टक्के. कारणं नाट्यमय नाहीत. बोलपट आल्यावर मुक्या रिळांना गिऱ्हाईक उरलं नाही. गोदामाचं भाडं चालू. रिळांतून चांदी निघते, ती काढून विकता येते. आणि नायट्रेट. ते एकदा पेटलं की स्वतःचा प्राणवायू स्वतः पुरवतं, पाण्यात बुडवलं तरी विझत नाही. न पेटलं तरी सडतं. आधी चिकट होतं, मग बुडबुडे, मग मधासारखं काही, आणि शेवटी डब्यात तपकिरी भुकटी. आपल्याकडे जानेवारी २००३ मध्ये पुण्यात, प्रभातच्या जुन्या आवारातल्या नायट्रेटच्या गोदामाला आग लागली आणि हजारो रिळं गेली. त्या दिवसाबद्दल पुण्यातल्या जुन्या मंडळींशी बोलून पाहा. आवाज बदलतो.

भारतात तेराशेच्या वर मूकपट निघाले, उरलेत तीसच्या आसपास, तेही बरेचसे अर्धेमुर्धे. बाबूराव पेंटरांचा 'सावकारी पाश' (१९२५) आपल्यापैकी कुणी पाहिलेला नाही, तरी वास्तववादाचा आरंभ म्हणून आपण तो दर शिबिरात शिकवतो. फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ ला गिरगावात कॉरोनेशनमध्ये लागला. चार रिळांतली पहिली आणि शेवटची आपण दाखवतो आणि 'हाच तो पहिला चित्रपट' म्हणतो. अनेक अभ्यासकांच्या मते ती रिळं १९१७ मध्ये फाळक्यांनी पुन्हा केलेल्या आवृत्तीची आहेत. ३ मेच्या कार्यक्रमात हे वाक्य बोललं जाताना मी क्वचितच ऐकलंय. कुणाचा विरस करायचा, असं वाटत असावं. मला उलट वाटतं. पहिलं रीळ संपून एकदम शेवटचं सुरू होतं तो सांधा लोकांना दाखवा. तिथे क्षणभर थांबा, दिवे लावा हवं तर.

आता तुमची अडचण. पैसे. मला जमाखर्च माहीत आहे, दोन वर्षं मी खजिनदार होतो. संस्कारित प्रत अधिकृतपणे आणायची तर परवाना, बँकेची भानगड, आणि सभासद चाळीस, त्यातले येणार अठरा. पण मॅक्स म्युलर भवनाशी मुंबई-पुण्यातल्या सोसायट्यांचं नातं जुनं आहे. जर्मन चित्रपटांसाठी तिथे एक पत्र टाकायला काय जातं? आणि नाहीच जमलं, तीच मुंग्यांची फाइल लावायची वेळ आली, तर लावा. माझी तक्रार फाइलवर नाही. आपण काय दाखवतोय हे न सांगण्यावर आहे. तीन मिनिटं लागतात. प्रत कुठली, लांबी किती, वेग कोणता, रंग होता का, संगीत कुणाचं, काय गहाळ आहे. एवढं सांगितलं असतं तर ती मुलगी तोच प्रसंग पाहताना मनात निळा रंग भरत बसली असती.

तो फिरून फिरून वाजणारा ऑर्गन मात्र बंद करा, हात जोडतो. आपल्याकडे मूकपटाला पडद्याशेजारी पेटी-तबला असायचा आणि पाट्या मोठ्याने वाचणारा माणूस असायचा. जपानात तसा बेन्शी होता, आणि त्याच्या नावावर लोक तिकीट काढत. किनुगासाचा 'अ पेज ऑफ मॅडनेस' हा १९२६ चा, वेड्यांच्या इस्पितळात घडणारा चित्रपट. त्यात पाट्याच नाहीत, कारण सांगणारा समोर उभा असणार होता. तो हरवला आणि १९७१ मध्ये दिग्दर्शकाला स्वतःच्याच कोठारात सापडला, पण बेन्शीचं बोलणं कुठल्या डब्यात सापडणार? तेव्हा गावातला एखादा पेटीवाला बसवून बघा. चुकेल, दोन ठिकाणी भलतंच वाजवेल. चालेल. जिवंत चूक त्या ऑर्गनपेक्षा केव्हाही बरी.

एक जुनी इच्छा इथेच सांगून टाकतो. वर्षातला एक खेळ असा ठेवा की ज्यात चित्रपट नाही. टॉड ब्राउनिंगचा 'लंडन आफ्टर मिडनाइट' घ्या, १९२७ चा. लॉन चेनी उंच टोपी घालून, करवतीसारखे दात काढून हसतोय, ते छायाचित्र सगळ्यांनी पाहिलेलं असतं. शेवटची ज्ञात प्रत १९६५ मध्ये एमजीएमच्या गोदामाला लागलेल्या आगीत गेली. २००२ मध्ये अमेरिकेतल्या टर्नर क्लासिक मूव्हीज वाहिनीने उरलेली छायाचित्रं कथेबरहुकूम लावून पाऊण तासाची एक आवृत्ती दाखवली. तसं आपल्यालाही करता येईल. अंधार करायचा, एकेक छायाचित्र पडद्यावर, आणि एकाने कथा सांगायची. कथेत शेवटी ते पिशाच म्हणजे वेष पालटलेला गुप्तहेर निघतो, म्हणजे भीतीचा फुगा फुटतोच. त्या काळच्या समीक्षकांनाही तो काही फार थोर वाटला नव्हता. हरवला म्हणून मोठा झालेला चित्रपट आहे, असं माझं मत. सापडला तर बहुतेक आपली निराशा होईल. व्हावी, माझी हरकत नाही.

तुमच्यापैकी एका सोसायटीने येत्या महिन्यात पुन्हा नोस्फेरातू लावलाय असं समजलं. मी येतोय. दारात लावायला फलकाचा मजकूर सोबत देतोय, खडूने लिहिलात तरी पुरे:

'नोस्फेरातू', जर्मनी, १९२२. दिग्दर्शक एफ. डब्ल्यू. मुर्नाऊ. कोर्टाने नष्ट करायला सांगितलेला चित्रपट. आजची प्रत काळीपांढरी आहे, मूळ प्रत रंगवलेली होती. मूळ वेगाने चालल्यास दीड तासाहून थोडा मोठा. मूळ संगीताचा बराच भाग उपलब्ध नाही. आज हार्मोनियमवर आपल्याच गावचे कलाकार. ऑरलॉक शवपेटी घेऊन रस्त्यावर येईल तेव्हा रात्र आहे असं समजावं.

आपला,
एक जुना सभासद